सत्ताविसावं घर

अक्कांना खोटं बोलता येत नाही, ही पक्षाच्या शाखेतली जुनी चेष्टा. एकदा वरच्या कमिटीचा माणूस सभेची हजेरी बघायला अचानक येऊन थडकला. हॉलमध्ये माणसं सतरा. चिटणीस मागून खुणावत होते, पन्नास सांगा, पन्नास. अक्कांनी नोंदवही उघडली आणि म्हणाल्या, "सतरा. त्यातले दोघं वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरकडे आलेत, जिना चुकले." चिटणीसांनी कपाळावर हात मारून घेतला. तेव्हापासून काही लपवायचं असलं की शाखेत म्हणायचे, अक्कांना विचारू नका, त्या सांगतील.

त्याच अक्का एका रविवारी सकाळी, भरल्या हॉलमध्ये, आयुष्यात एकदाच खोटं बोलल्या. ते कसं झालं ते सांगायचं आहे. सांगताना राग येतो. कुणाचा, ते मात्र अजून ठरत नाही.

अक्का हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला. चौतीस वर्षं. तळघरातली लांबच लांब खोली, भिंतींना कायमची ओल, एका बाजूला धुण्याची चार यंत्रं, दुसऱ्या बाजूला चादरी दाबून काढणारा गरम रोलर आणि मधे घड्यांचं टेबल. नवी मुलगी कामाला लागली की पहिल्या दिवशी अक्का तिला दोन गोष्टी सांगणार. रक्ताचा डाग आधी थंड पाण्यात. गरम पाण्यात घातलास की तो कायमचा बसला. आणि मोठी चादर एकटीने घडी करायची नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायची, एकमेकींकडे चालत यायचं, टोकाला टोक मिळवायचं. "एकटीने केलीस की जमिनीला लागते, आणि जमिनीला लागली की परत धुवायची. सोपं आहे."

वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यांना कामावरून काढलं होतं. संसर्गाच्या वॉर्डातले कपडे हातमोज्यांशिवाय धुवायला नकार दिला, एवढाच गुन्हा. आज शाखेचे अध्यक्ष असलेले भाऊ तेव्हा पस्तिशीतले, काटकुळे, आवाज मात्र दोन गल्ल्या पलीकडे जाणारा. ना ओळख ना पाळख, पण ते अधीक्षकाच्या पायऱ्यांवर अकरा दिवस बसून राहिले. बाराव्या दिवशी अक्का कामावर परत आल्या आणि लाँड्रीत सगळ्यांना हातमोजे आले. त्याच संध्याकाळी अक्कांनी पक्षाचं कार्ड घेतलं, नंबर एकशे बारा. पुढे नवरा गेला, मुलगा चार वर्षांचा, तेव्हा राहायला खोली भाऊंनीच मिळवून दिली. पोर शाखेच्या बाकांवर झोपून मोठं झालं. देवावर अक्कांचा फारसा विश्वास नव्हता. भाऊंवर होता.

या शाखेत एक नियम होता, तो दुसरीकडे कुठे नसेल. नव्या सभासदाच्या अर्जावर जुन्या सभासदाची हमी लागते, हे सगळीकडेच असतं. इथे हमी देणाऱ्याने आधी त्या माणसाच्या घरी जायचं, बसायचं, निदान घोटभर पाणी प्यायचं आणि मगच सही करायची. पूर्वी कुणा बहाद्दराने कबरींवरची नावं वाचून चाळीस अर्ज भरले होते, त्यावरचा हा उतारा. घर पाहिलं नसेल तर तेवढा एक अर्ज रद्द. त्याला दुसरं कलम जोडलं ते अक्कांनी, तिशीतल्या ठसक्यात. चौकशीत हमीदार खोटं बोलला, तर त्याच्या हमीवर आलेले सगळेच्या सगळे रद्द आणि त्याचं स्वतःचं कार्डही रद्द. "खोटारड्याची कुठली सही खरी आणि कुठली खोटी, हे निवडत कोण बसणार?" असं त्या म्हणाल्या होत्या. चिटणीस हसले होते, म्हणजे हे कलम अक्का सोडून बाकी सगळ्यांना! सगळ्यांनी हात वर केले आणि कलम मंजूर झालं.

दीड वर्षापूर्वी शाखेला घरघर लागली. सभासद उरले तेहतीस. आकडा चाळीसच्या खाली राहिला तर शाखा बंद करून शेजारच्या शाखेत मिसळू, असं वरून पत्र आलं. भाऊ म्हणाले, "अक्का, कुणीही आण, पण आण." दोन महिने अक्का ड्यूटी संपली की सुजल्या पायांनी लोकांचे जिने चढत होत्या. सत्तावीस माणसं आणली. शाखा वाचली. भाऊंनी सगळ्यांसमोर त्यांना स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः चहा आणून दिला. त्या चहात साखर घालायची राहिली होती, तरी अक्का तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या.

आता आणलेली माणसं नुसती हात वर करायला आली असती, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण यांनी आल्या आल्या नियमांचं पुस्तक मागितलं. ते कधी कुणी मागेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. बरंच शोधल्यावर ते कपाटाच्या डुगडुगत्या पायाखाली सापडलं. सभा कामाच्या वेळात का घेता, ठराव आधी वाचायला का देत नाही, भाऊंच्या विरोधात गेल्या वीस वर्षांत एकही अर्ज कसा आला नाही, एक ना दोन. जुने म्हणायचे, "आम्ही चटया अंथरल्या, भिंती रंगवल्या, लाठ्या खाल्ल्या, तेव्हा हे उपरे कुठे होते?" नवे म्हणायचे, "अंथरल्यात ना चटया? मग आता आम्हाला बसू द्या." चिटणीस, जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडलेला माणूस, त्यांना तोंडावर 'फुकटे प्रवासी' म्हणायचा. नवे जुन्यांना 'खुर्चीचे खिळे' म्हणायचे. आणि अक्का नोंदवहीत दोघांचंही जसंच्या तसं लिहून ठेवायच्या.

मनाने त्या जुन्यांच्याच. नव्यांचा उद्धटपणा त्यांना खपत नसे. पण एका बाबतीत नवे खरं बोलत होते आणि ते अक्कांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. लाँड्रीत चौदा बायका कंत्राटावर होत्या. भाऊ आता हॉस्पिटलच्या मंडळावर होते आणि कंत्राटाच्या त्या कागदावर त्यांची सही होती. हातमोज्यांसाठी अकरा दिवस पायऱ्यांवर बसलेल्या माणसाची सही! त्या चौदा जणींना हातमोजे घरून आणावे लागत. अक्का आपल्या कपाटातले त्यांना द्यायच्या आणि भाऊंना काही विचारायच्या नाहीत. विचारायला हवं होतं. पण ज्याने आपल्याला उभं केलं, त्याला उभं करून जाब कसा विचारायचा? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी त्यांची गत.

त्यात नव्यांचा म्होरक्या म्हणजे अक्कांचाच मुलगा.

तो लिफ्टचा मेकॅनिक. लहानपणापासून शाखेत वाढला, पण कार्ड घेतलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी एकदा जेवता जेवता तो म्हणाला, "आई, भाऊंनी तुला नोकरी परत मिळवून दिली ती एकदा. तू त्याची फेड किती वेळा करणार?" अक्का म्हणाल्या, "माझ्या घरात भाऊंबद्दल असं बोलायचं नाही." तो म्हणाला, "मग घर तुझंच राहू दे." महिन्याभरात त्याने दुसरीकडे बिऱ्हाड केलं, लग्न केलं, रजिस्टर ऑफिसात, दोन साक्षीदार घेऊन. आईला निरोप पाठवला, पण कसा, तर शेजाऱ्याकडून. अक्का गेल्या नाहीत. आधी त्याने यावं, असं यांचं. आधी तिने यावं, असं त्याचं. दोघं एकाच मुशीतले.

दीड वर्षापूर्वी अर्ज भरायच्या त्या धांदलीत तो एका संध्याकाळी शाखेत आला आणि रांगेत उभा राहिला. टेबलाशी आल्यावर त्याने अर्ज पुढे सरकवला. अक्कांनी मान वर न करता सही केली. याचं काय घर बघायचं? याचं तर नाक पुसलंय मी, असं मनात म्हणाल्या. खरं म्हणजे जायचा धीर नव्हता. सव्वीस अनोळखी घरांचे जिने त्या चढल्या आणि सत्ताविसावं, पोटच्या पोराचं, राहिलं. पुढे नात झाली तीही अक्कांच्याच हॉस्पिटलात, अक्कांच्या डोक्यावर तीन मजले. त्यांनी सगळ्यात मऊ झालेल्या जुन्या चादरी निवडून, त्यांचे लहान तुकडे शिवून, आयेच्या हाती वर पाठवले. कुणी पाठवले ते सांगू नको म्हणाल्या. स्वतः जिना चढल्या नाहीत.

शाखाध्यक्षाची निवडणूक लागली. वीस वर्षांत पहिल्यांदा भाऊंसमोर कुणी उभं राहिलं, तो हा लिफ्टवाला मुलगा. हिशेब शेंबड्या पोरालाही कळावा असा होता. नव्यांची सत्तावीस मतं ठाम आणि जुन्यांतली नऊ माणसं भाऊंना कंटाळलेली. भाऊ पडणार. पडले की मंडळावरची जागाही जाणार, आणि पुढच्या महिन्यात कंत्राटाचा कागद पुन्हा टेबलावर येणार होता, त्यावर सही दुसऱ्याची असणार. लाँड्रीतल्या चौदा जणी दिवस मोजत होत्या. त्यातल्या पाच तर अक्कांच्याच हमीवर आलेल्या.

मग चिटणीसांनी वर तक्रार केली. नव्या सभासदांची घरं न पाहता हमी दिलेली आहे, चौकशी व्हावी. अंधारात मारलेला दगड होता, पण कुठे लागणार ते भाऊंना माहीत होतं.

गुरुवारी दुपारी भाऊ लाँड्रीत आले. दुखऱ्या गुडघ्यांमुळे जिना उतरताना त्यांना चार वेळा थांबावं लागलं. टेबलाशी बसले, घामाने चष्मा निथळत होता.

"रविवारी चौकशी आहे, कळलं ना?"

"मीच फलकावर लिहिलंय, भाऊ."

"मला तुझ्याकडून खोटं नको. तू फक्त खरं सांग. पोराच्या घरी गेली नाहीस, एवढंच. त्याचं एकट्याचं नाव जाईल. बाकीच्या सव्वीस जणांना धक्का लागणार नाही, नियमच तसा आहे."

"तो उमेदवार आहे, भाऊ."

"म्हणूनच सांगतोय." भाऊंनी चष्मा काढून पुसला. "अक्का, मला खुर्चीवरून उठवणार ते उठवू दे. पण तुझ्या पोराने? ज्याला मी बाकावरून उचलून घरी पोचवायचो, त्याने? हे मला सोसणार नाही बघ. मी मरेन."

भाऊ उठले, तेव्हा अक्कांनी सवयीने त्यांना जिन्यापर्यंत हात दिला. मागे चौदा जणी चादरींवरून मान न उचलता सगळं ऐकत होत्या.

दोन दिवस अक्कांच्या डोक्यात हेच चाललं होतं. खरं सांगावं तर मुलाचं नाव आपल्या तोंडाने खोडायचं. शिवाय साठ माणसांसमोर उभं राहून सांगायचं की मी सगळ्या गावाची घरं पाहिली, एक माझ्या मुलाचं पाहिलं नाही. खोटं सांगावं तर ते सांगायचं कसं, हेच येत नव्हतं. शनिवारी दुपारची ड्यूटी संपली, तशा त्या घरी गेल्याच नाहीत. कामाचा निळा कोट अंगात तसाच, सरळ मुलाच्या पत्त्यावर. पत्ता पाठ होता. अर्जावर त्यांनीच तपासला होता.

दार सुनेने उघडलं. ती औषधांच्या दुकानात काम करायची, सभासद नव्हती, पण नवऱ्याबरोबर सभेला यायची, तिथे अक्कांनी तिला चार-सहा वेळा पाहिलेलं. ती बाजूला झाली. "या ना, आई."

आत गेल्या गेल्या डाव्या हाताला पाळणा. मुलाने तो मोडीतल्या लिफ्टच्या जाड स्प्रिंगला टांगला होता; बाळाने पाय झाडला की पाळणा आपोआप वरखाली व्हायचा, कुणी हलवायची गरजच नाही. आणि आत अंथरलेला तुकडा अक्कांनी शिवलेला. कोपऱ्यात लाँड्रीचा पुसट नंबर अजून दिसत होता. त्यांनी बोट पुढे केलं. पोरीने ते धरलं आणि सोडेना. अक्कांच्या हातांना चौतीस वर्षांचा ब्लीचिंगचा वास, तो काही पोरीला खटकला नाही. अक्का तिथेच जमिनीवर बसल्या आणि रडल्या, आवाज न करता.

मुलगा आला तो दारातच थबकला. उद्याच्या चौकशीचं त्याला माहीत होतं, अख्ख्या शाखेला माहीत होतं.

"भाऊंनी पाठवलं?"

"कुणी पाठवलं नाही. घर बघायला आले."

"दीड वर्ष उशीर झाला." तो हसला, पण ते हसू बघवत नव्हतं. "उद्या काय सांगणार आहेस?"

"तू सांग, काय सांगू?"

"मी कशाला सांगू? जन्मभर त्यांचंच ऐकत आलीस. उद्याही ऐक."

तो हात धुवायला आत गेला. सून अक्कांच्या शेजारी खाली बसली आणि हळूच म्हणाली, "आई, खरंच सांगा. यांचं नाव गेलं तर गेलं. दुसरं कुणीतरी उभं राहील, मतं तर आहेतच ना? आमच्यातलं कुणी तुम्हाला बोल लावणार नाही. हेही नाही लावणार, तोंडाने काही म्हणू देत."

किती शहाणी पोर! आणि किती सरळ हिशेब. सव्वीस आणि नऊ, पस्तीस मतं. तरीही भाऊ पडत होते, तरीही चौदा जणी सुटत होत्या. अक्कांना हे सगळं पटलं. पटूनही काही उपयोग झाला नाही. बाहेर पडताना त्यांनी वळून पाहिलं, तर मुलगा पाळण्याशी पाठमोरा उभा होता. पाठ थेट त्याच्या बापासारखी, आणि ती वळली नाही.

रविवारी हॉल भरलेला. डावीकडे जुने, उजवीकडे नवे, मधे एक वाट, तिच्यावर कुणी पाय ठेवायला तयार नाही. वरच्या कमिटीच्या निरीक्षकबाई आल्या होत्या, मृदू आवाजाच्या, नीटनेटक्या. त्यांनी दोन्ही कलमं वाचून दाखवली. मग म्हणाल्या, "अक्का, मी नाव वाचते. त्या घरी गेला होतात की नाही ते सांगा, आणि एक खूण सांगा. बस, एवढंच."

अक्का उभ्या राहिल्या आणि बोलू लागल्या. पहिलं घर, जिन्याची सातवी पायरी तुटकी. दुसऱ्या घरात तीन घड्याळं, तिन्हींत वेळ वेगळी, विचारलं तर म्हातारा म्हणतो, मधलं धरायचं. तिसरी विद्यार्थ्याची खोली, खुर्ची एकच, ती मला दिली आणि तो उलट्या बादलीवर बसला. लाँड्रीतल्या एकीच्या न्हाणीला दार नव्हतं, चादर टांगलेली. ती चादर हॉस्पिटलची होती, हे अक्कांनी कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. एका घरी पाणी मागितलं तर कप दिला, कारण पेले भाडेकरूने नेले होते. नव्यांच्या बाजूने हसू फुटलं, मग जुन्यांच्या बाजूनेही. ज्याचं घर निघे तो बसल्या जागी मान डोलवी. असं कुणी आपलं घर लक्षात ठेवलंय, हे त्यांना त्या दिवशी कळलं. सव्वीस घरं झाली. चिटणीसांचा चेहरा पडला होता. भाऊ जमिनीकडे बघत होते.

निरीक्षकबाईंनी सत्ताविसावं नाव वाचलं.

अक्कांनी उजवीकडे पाहिलं. मुलगा समोर बघत होता, सुनेने डोळे मिटून घेतले होते. खरं तोंडाशी आलं होतं. चौतीस वर्षं ते तोंडाशीच असे. पण कालची ती पाठ आठवली, आणि अक्का म्हणाल्या, "गेले होते."

"सही करायच्या आधी?"

"आधी."

"खूण?"

आणि मग त्या सुटल्या. सव्वीस घरांचा ओघ होता ना, त्याच ओघात. "दारातून आत गेलं की डाव्या हाताला पाळणा. साधा नाही हं, लिफ्टच्या स्प्रिंगला टांगलाय. पोरीने पाय मारला की आपला आपण नाचतो. माझ्या मुलाने केलाय तो. आणि पोर काय गोड! बोट धरलं तर सोडत नाही."

बोलता बोलता अक्कांचा चेहरा उजळला होता. इतक्या वर्षांत त्यांना असं कुणी पाहिलं नव्हतं. निरीक्षकबाईंनाही राहवलं नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि हसून, अगदी बाईने बाईला विचारावं तसं विचारलं, "अगंबाई! केवढी आहे नात?"

"पाच महिने आणि तीन दिवस," अक्का म्हणाल्या.

खरं बोलायची सवय. ती त्यांना तिथे नडली.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग चिटणीस बोटांवर मोजायला लागले, मुद्दाम, सगळ्यांना दिसेल असं. "सही दीड वर्षापूर्वीची," ते म्हणाले. "पाळण्यात तेव्हा कोण होतं, अक्का?"

अक्का उभ्याच राहिल्या. हात कोटाच्या खिशात काहीतरी शोधत होते, तिथे काही नव्हतं.

भाऊ ताडकन उठले, गुडघे विसरून. "बाई, तिचा गोंधळ झाला. तिला खोटं बोलता येत नाही, कुणालाही विचारा! लिहू नका ते. पोराचं एकट्याचं नाव काढा आणि संपवा."

"भाऊ, खाली बसा," चिटणीस दात आवळून म्हणाले. "देव देतोय तर घ्या."

निरीक्षकबाईंचं हसू केव्हाच गेलं होतं. त्यांनी कलम दुसरं पुन्हा एकदा वाचलं, स्वतःशीच, ओठ हलवत. मग अक्कांकडे वळून अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "मला दुसरा मार्ग दिसत नाही. तुम्हाला दिसतोय?"

"नाही," अक्का म्हणाल्या. "कलम माझंच आहे."

सभासदांची नोंदवही अक्कांच्याच ताब्यात असे. खाडाखोडही त्यांच्याच हातची लागे. त्यांनी पट्टी घेतली आणि एकेक नाव खोडू लागल्या, रेघ सरळ, अक्षर वाचता येईल अशी, नियमाप्रमाणे. तुटक्या पायरीचं घर, तीन घड्याळांचं घर, बादलीवर बसलेला पोरगा, लाँड्रीतल्या पाच जणी. कुणी ओरडलं नाही. नुसत्या खुर्च्या सरकल्याचा आवाज येत होता, एकेक जण उठून जात होता. शेवटी त्यांनी पान मागे मागे उलटत नेलं आणि एकशे बारा नंबरावर पट्टी ठेवली. भाऊंनी येऊन पट्टीवर हात ठेवला. "राहू दे गं," म्हणाले. अक्कांनी त्यांचा हात अलगद बाजूला केला आणि रेघ ओढली.

बाहेर जिन्याशी मुलगा उभा होता.

"खरं सांगितलं असतंस तर एकटा मी गेलो असतो, आई. फक्त मी. बाकी सगळे राहिले असते, आपण जिंकलो असतो."

"तूच जायला नको होतास," अक्का म्हणाल्या. "एकदा घालवलं होतं तुला. पुन्हा माझ्या तोंडाने नको होतं."

तो जिना उतरून गेला. त्याच्या मागून सून गेली. जाताना थांबली, अक्कांच्या कोटाची बाही धरली आणि सोडून दिली.

भाऊ निवडून आले. कंटाळलेल्या नऊ जणांनी आपल्यातला एक उभा केला होता, तेवीस विरुद्ध नऊ. पुढच्या महिन्यात कंत्राटाचा कागद टेबलावर आला आणि सही जुनीच झाली, ठेकेदार मात्र नवा. तो आपली माणसं आणणार होता, महिनाअखेरीपर्यंत. चौदा जणींना शनिवारी सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. पाया पडल्या नाहीत, भांडल्या नाहीत, त्या आपापल्या वस्तू घेऊन निघाल्या. ज्या पाच जणींची नावं अक्कांनी खोडली होती, त्यांतली एक टेबलाशी थांबली. तिने हातमोज्यांचा जोड काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "हे तुमचे, अक्का." शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

शाखेत जायचं नव्हतं, कार्डच नव्हतं. भाऊ दोनदा घरी आले. अक्कांनी आतून कडी काढली नाही. मुलाच्या घराचा रस्ता आता पायांना ठाऊक होता, पण जायला तोंड नव्हतं. रोज संध्याकाळी बाहेर पडायच्या, कोपऱ्यापर्यंत जायच्या आणि भाजी नसताना भाजीची पिशवी घेऊन परत यायच्या.

सोमवारी सकाळी अक्का लाँड्रीत उतरल्या. यंत्रं चालू होती, रोलरमधून चादरी येत होत्या, आणि टेबलापलीकडे कुणी नव्हतं. त्यांनी एक मोठी चादर घेतली. एक टोक हनुवटीखाली दाबलं, दोन्ही हात पसरले, जितके पसरतील तितके. चादर जमिनीला लागली. अक्कांनी ती उचलून धुवायच्या ढिगात टाकली आणि दुसरी घेतली. तीही लागली.